टॅबसाठी डीव्हीडी कन्व्हर्ट करताना कधी ठोकळे, कधी फुगलेली फाइल: दरवेळचं हे दुखणं कुठून येतं

आमच्या घरात हे दुखणं तीनदा उलटलं. पहिल्यांदा आईचा टॅब आला तेव्हा, मग मामांच्या टॅबसाठी, आणि यंदा चुलत बहीण लग्नाच्या चार डिस्क पिशवीत घालून आली तेव्हा. तक्रार तीच, टोक तेवढं बदलतं. फाइल आटोक्यात आणली की नाचणाऱ्यांच्या तोंडावर ठोकळे. ठोकळे घालवले की एकेक फाइल तीन जीबीची, आणि पाच-सहा डिस्क टाकल्या की टॅब भरला. बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा त्याचा, मधला एखादा आकडा सापडतो, पण पुढच्या डिस्कला तो लागू पडत नाही.

तुमच्याकडेही असंच होत असेल, तर आकडा शोधणं आधी थांबवा. डिस्कमधून येणाऱ्या चित्रात नको असलेलं बरंच काही असतं, ते आपण तसंच पुढे रेटतो आणि जागा त्यावर जाते. ते काढलं की साइज आणि क्लॅरिटीचं भांडण बरंचसं तिथेच मिटतं. आकड्याची पाळी त्यानंतर येते.

हे सगळं घरच्या डिस्कबद्दल आहे: लग्नं, मुंजी, बारशी, सहली. बाजारात विकत मिळालेल्या सिनेमांच्या डिस्कना कुलूप असतं. ते तोडण्याविरुद्ध कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं वेगळं कलम आलं आहे, आणि मी कन्व्हर्ट करायला वापरते ते हँडब्रेक हे सॉफ्टवेअरही ते कुलूप उघडत नाही. त्या वाटेला मी गेलेली नाही.

बाबांनी कॅमकॉर्डरवर केलेली तीन शूटिंग मी कसोटीला ठेवली आहेत. एक आमच्या जुन्या घरातल्या सत्यनारायणाचं. दुसरं सप्टेंबर २००८ च्या पुराचं: गंगेचं (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) गढूळ पाणी काठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला वेढून चाललंय आणि बाबा लांबून उभ्या उभ्या कॅमेरा धरून आहेत. तिसरं तिवंधा चौकातल्या रहाडीचं. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा जमिनीखालचा हौद. रंगपंचमीला तो उघडतात, रंगाच्या पाण्यानं भरतात, पोरं त्यात धप्पा मारतात, आणि मग तो वर्षभरासाठी पुन्हा बुजवतात. तिवंध्याच्या रहाडीचा रंग पिवळा.

पहिल्या वेळी मी तिन्हींना एकच बिटरेट दिला होता, १००० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट). हिशोब सोपा पडतो म्हणून दिला: १००० केबीपीएसनं तासाला ४५० एमबी होतात, आवाजाचे वेगळे. सत्यनारायण झकास आला. चौरंग, केळीचे खांब, मागची भिंत, सगळं जागच्या जागी. हलतो तो फक्त गुरुजींचा हात. पुराच्या फाइलमध्ये मात्र पाणी राहिलंच नाही. तपकिरी चौकोन एकमेकांवर सरकत होते, आणि मारुतीच्या पायाशी फेस असायला हवा तिथे चिखलाचा लपका.

व्हिडिओ दाबून लहान करायच्या एच.२६४ या पद्धतीत प्रत्येक फ्रेम नव्यानं लिहिली जात नाही. मागच्या फ्रेममध्ये होतं ते पुढेही असेल, तर फक्त सरकलेलं आणि बदललेलं लिहिलं जातं. पोथी ऐकत बसलेल्या माणसांमध्ये बदलतं काय? जवळजवळ काहीच नाही. पुराच्या पाण्यात एका फ्रेममधली लाट पुढच्या फ्रेममध्ये तशी सापडतच नाही. दोघांना एकच माप दिलं तर एकाकडे उरतं आणि दुसऱ्याला पुरत नाही. टू-पास (आधी सगळी फाइल तपासून मग लिहिणं) लावला तर एका फाइलच्या आत शांत भागातलं वाचवून धावपळीच्या भागाला दिलं जातं, पण सगळी डिस्कच धावपळीची असेल तर वाचवायचं कुठून?

म्हणून हँडब्रेकमध्ये ‘व्हिडिओ’च्या पानावर ‘अॅव्हरेज बिटरेट’ सोडा आणि ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ घ्या. तिथे आरएफ नावाचा आकडा असतो. तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. ७२० बाय ५७६ च्या आपल्या पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीडीसाठी १८ ते २२ ही सर्वसाधारण पट्टी आहे. सहाच्या आसपास आकडे वर गेलं की फाइल ढोबळमानानं निम्मी होते, खाली आलं की दुप्पट. आता साइज आपण ठरवत नाही, चित्र ठरवतं. सत्यनारायण छोटा होतो, पूर मोठा होतो, आणि ते योग्यच आहे.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि दुखणं उलटतं ते इथूनच. मीही आरएफ २० लावून मोकळी झाले, आणि रहाडीची फाइल इतकी फुगली की डिस्कवरच्या मूळ आकाराच्या जवळ पोहोचली.

कंगव्याचे दात

ती फाइल फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत बघितली तेव्हा कारण दिसलं. व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्हिडिओ मेनूतलं ‘डीइंटरलेस’ बंद करायचं, नाहीतर व्हीएलसी स्वतःच चित्र सारखं करून दाखवतं, आणि ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम बघायची. एक मुलगा रहाडीत उडी घेतोय. धड नीट दिसतं, पण हवेत गेलेल्या हाताच्या कडेला आडव्या बारीक रेषा, कंगव्याच्या दातांसारख्या. एक रेघ हाताची, एक मागच्या भिंतीची, पुन्हा हाताची. पिवळ्या पाण्याचे उडालेले थेंब तर सगळेच असे चिरलेले.

हे इंटरलेसिंग. पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण त्या काळचे कॅमकॉर्डर एकेक फ्रेम दोन अर्ध्यांत टिपत: आधी एकाआड एक निम्म्या ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं उरलेल्या. तेवढ्या वेळात हात पुढे गेलेला असतो. जुना ट्यूबचा टीव्ही हे अर्धे एकामागून एक दाखवायचा, त्यामुळे कोणाला काही खटकायचं नाही. टॅब मात्र दोन्ही एकदम दाखवतो आणि दात उमटतात.

डोळ्यांना ते वाईट दिसतं, पण खरा तोटा साइजचा आहे. एन्कोडरला, म्हणजे फाइल दाबून लिहिणाऱ्या भागाला, ते दात म्हणजे अतिशय बारीक तपशील वाटतात आणि ते इमानदारीनं जपायला तो बिट ओततो. जिथे हालचाल जास्त तिथेच दात जास्त. म्हणजे ज्या प्रसंगाला बिट आधीच पुरत नाहीत, तिथे निम्मा माल कचऱ्यावर जातो. ठोकळे आणि फुगलेली फाइल ही एकाच आजाराची दोन तोंडं आहेत, असं मी म्हणते ते यामुळे.

उपाय हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’मध्ये आहे. ‘डीकोंब’ फक्त दात दिसतील तिथे काम करतो. डिस्कमध्ये काय आहे याची खात्री नसेल तर तो बरा. कॅमकॉर्डरचं शूटिंग सरसकट इंटरलेस्ड असतं. तिथे मी ‘याडिफ’ हा सगळ्या फ्रेमवर चालणारा फिल्टर घेते आणि त्यात ‘बॉब’ निवडते. बॉब प्रत्येक अर्ध्यातून एक पूर्ण फ्रेम बनवतो, म्हणजे २५ च्या ५० होतात आणि हालचाल जुन्या टीव्हीवर दिसायची तशी सलग दिसते. मात्र फ्रेमरेट २५ वर राहिला तर निम्म्या फ्रेम टाकल्या जातात आणि बॉबचा काही उपयोग राहत नाही. तयार ५७६पी प्रीसेटमध्ये तो २५ वरच असतो. ५० करा. माझ्याकडून मामांच्या डिस्कच्या वेळी हेच राहिलं होतं. लेझीम बघताना पाय अडखळताहेत असं मामी म्हणाली, तेव्हा सापडलं.

५० फ्रेमनं फाइल काहीशी वाढते. नाच, वरात, ढोल, रहाड यांना मी ती वाढ बिनदिक्कत देते. पूजा, भाषण, पंगत, फोटोचा कार्यक्रम असेल तर २५ पुरे.

बॉब लावल्यावर माणसं दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरत चालली, तर डिस्क राइट करताना अर्ध्यांचा क्रम उलटा पडलेला आहे. कॅमकॉर्डरच्या डीव्ही टेपमध्ये खालची ओळ आधी असते, आणि काही स्टुडिओ डिस्क बनवताना वरची आधी धरत. याडिफच्या ‘कस्टम’मध्ये पॅरिटी, म्हणजे हा क्रम, हातानं उलटी देता येते. बहिणीच्या चारपैकी एका डिस्कवर, नेमक्या हळदीच्या, हाच दोष निघाला. क्रम उलटा केल्यावर आत्याचा हळद लावणारा हात एका दमात गालावरून खाली आला, आणि बहीण खुर्ची ओढून शेजारी बसली.

डिस्क मुळातच इंटरलेस्ड नसेल, नुसता फोटोंचा स्लाइड शो असेल, तर मात्र डीइंटरलेस लावू नका. उगाच बारकावा जातो.

मुंग्या, काठ आणि आवाज

दुसरा कचरा म्हणजे मुंग्या. कमी उजेडातलं शूटिंग, व्हीएचएसवरून डीव्हीडी केलेलं लग्न, संध्याकाळची आरती: अंधाऱ्या भागात सारखी वळवळ असते. ती दर फ्रेमला वेगळी, म्हणून एन्कोडरच्या दृष्टीनं पुराच्या पाण्यासारखीच. हँडब्रेकमध्ये ‘डीनॉइज’ खाली ‘एनएलमीन्स’ आहे; सावकाश चालतो पण चेहरे जपतो. घाई असेल तर ‘एचक्यूडीएन३डी’. दोन्हीत ‘अल्ट्रालाइट’ किंवा ‘लाइट’च्या पुढे जाऊ नका. मी एकदा आईच्या शालूवर ‘स्ट्राँग’ लावून बघितला. फाइल छान लहान झाली, पण जरीच्या काठाची बुट्टी पुसली गेली आणि पदर सपाट रंगाचा झाला. आईनं टॅब हातात घेतला, काठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा माझा शालू नाही.” मग ‘लाइट’वर आले. बुट्टी परत दिसली, फाइल थोडीशीच वाढली.

व्हीएचएसवरून आलेल्या डिस्कमध्ये चित्राच्या अगदी तळाला फाटल्यासारखी थरथरती पट्टी असते. टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची, टॅबवर उघडी पडते आणि बिटही खाते. हँडब्रेक काळ्या पट्ट्या आपोआप कापतो, पण ही काळी नसते, म्हणून त्याला कळत नाही. खालून आठ-दहा ओळी हातानं क्रॉप करा, आकडा सम ठेवा.

आवाजाचं लवकर आटपतं. पुष्कळ स्टुडिओ लग्नाच्या डिस्कवर आवाज न दाबता, एलपीसीएममध्ये ठेवत. तो १५३६ केबीपीएसचा असतो, म्हणजे नुसत्या आवाजाचे तासाला ६९१ एमबी. एएसी या दाबलेल्या प्रकारात १६० केबीपीएसला तेच ७२ एमबीत बसतं, आणि टॅबच्या स्पीकरवर मंगलाष्टकांत फरक कळत नाही. डिस्कवर दोन ऑडिओ ट्रॅक दिसले तर एक काढून टाका.

जिथे जागा उगाच वाढवली जाते

टॅबचा स्क्रीन १९२० बाय १२०० आहे म्हणून डीव्हीडी १०८०पीला कन्व्हर्ट करायची, हा सल्ला मला एम. जी. रोडवरच्या एका दुकानात मिळाला होता. ऐकू नका. डिस्कमध्ये ५७६ ओळीच आहेत. मोठं करून नवा बारकावा येत नाही, फाइल तेवढी मोठी होते. मोठं करून दाखवायचं काम टॅब स्वतः चालवताना करतो, फुकटात. रंगाचंही तसंच. डीव्हीडीत चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते, त्यामुळे रहाडीच्या पिवळ्या फवाऱ्याची कड थोडी पसरटच राहणार. आरएफ १४ करूनही ती धारदार होणार नाही.

माणसं जाडी किंवा लांबुडकी दिसत असतील तर ते बिटरेटचं नाही, पिक्सेलच्या आकाराचं आहे. डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. तेच ७२० बाय ५७६, ४:३ च्या डिस्कवर ७६८ बाय ५७६ सारखं दिसायला हवं आणि १६:९ च्या डिस्कवर १०२४ बाय ५७६ सारखं. हँडब्रेकमध्ये ‘अॅनामॉर्फिक’ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलं की नोंद बरोबर जाते. काही टॅबवरचे प्लेअर ती नोंद वाचत नाहीत. तेव्हा अॅनामॉर्फिक बंद करून वरचे आकडे सरळ घाला.

एच.२६४ च्या पुढचा एच.२६५ लहान फाइल देतो हे खरं. पण जुन्या टॅबच्या चिपला तो झेपत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, चित्र अडकतं, टॅब तापतो आणि बॅटरी दुपारपर्यंतही पुरत नाही. मामांचा टॅब असाच होता. एच.२६४ सगळीकडे चालतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या टॅबसाठी मी दुसरं काही वापरत नाही. ग्राफिक्स कार्डाचा वेगवान एन्कोडरही टाळते. वेळ वाचतो, पण तेवढ्याच क्लॅरिटीला फाइल मोठी होते, आणि त्याचा आकडा एक्स२६४ च्या (हँडब्रेकमधला एच.२६४ चा नेहमीचा एन्कोडर) आरएफशी जुळत नाही, त्यामुळे आरएफ ठरवायला घेतलेली परीक्षा, जी पुढे सांगते, वाया जाते. एक्स२६४ घ्या, प्रीसेट ‘स्लो’, रात्री लावून झोपा.

आणि एक, “फाइल मोठी आहे” असं सांगून टॅबचं मेमरी कार्ड कॉपी मध्येच तोडत असेल तर कार्ड एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेलं आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं साधारण तशीच येतात आणि त्यांवर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. कार्ड एक्सएफएटी केलं तर बसेल, टॅब ते वाचतो का तेवढं आधी बघा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं हेही लक्षात ठेवा. पण मी म्हणेन, एका डीव्हीडीची फाइल टॅबसाठी ४ जीबीच्या वर गेलीच कशी, ते आधी तपासा. बहुतेक वेळा डीइंटरलेस राहिलेलं असतं.

आकडा ठरवायची माझी पद्धत

आधी डिस्कचं व्हिडिओ_टीएस फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून घेते. डिस्क मऊ सुती कापडानं मधून बाहेर अशी सरळ पुसायची, गोल गोल नाही. कॉपी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघायची. एका ड्राइव्हला न वाचणारी डिस्क दुसऱ्याला कधी कधी वाचता येते. मग ते फोल्डर व्हीएलसीत चालवायचं. ठोकळे तिथेच दिसत असतील तर ते मूळचेच आहेत, कुठल्याही सेटिंगनं जाणार नाहीत. ४.७ जीबीच्या डिस्कवर तीन तासांचं लग्न कोंबलं असेल तर आवाज धरून सगळ्याला मिळून साडेतीन हजार केबीपीएससुद्धा आलेले नसतात, आणि डीव्हीडीच्या जुन्या एमपीईजी-२ ला इंटरलेस्ड वरातीसाठी ते अपुरे आहेत. अशा डिस्कला आरएफ १८ देणं म्हणजे ठोकळे जपून ठेवण्यासाठी जागा मोजणं. मी तिला २२ देते.

मग प्रत्येक डिस्कमधला सगळ्यात धावपळीचा एक मिनिट आणि सगळ्यात अंधारा एक मिनिट शोधते. हँडब्रेकमध्ये चॅप्टरऐवजी सेकंद देऊन तेवढाच तुकडा काढता येतो. सगळे फिल्टर लावून तो १८, २० आणि २२ असा तीनदा काढायचा आणि तिन्ही टॅबवर टाकायचे. कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर नाक लावून बघू नका, तिथे सगळंच वाईट दिसतं. टॅब नेहमीच्या अंतरावर धरा, आई सोफ्यावर धरते तेवढ्या. २० आणि २२ मध्ये फरक दिसला नाही तर २२. दिसला तर २०. पुरासाठी मला १९ लागला, सत्यनारायणाला २२ सहज पुरला.

रहाडीची फाइल याडिफ-बॉब, लाइट डीनॉइज आणि आरएफ २० नंतर पहिल्या वेळेच्या निम्म्याहून खाली आली, तीही ५० फ्रेमनं. आता उडी घेणाऱ्या मुलाची पाचही बोटं मोजता येतात.

हार्ड डिस्कवरचं मूळ फोल्डर मात्र पुसत नाही. टॅबची फाइल बघण्यापुरती असते. उद्या यापेक्षा चांगला फिल्टर आला तर पुन्हा मुळापासूनच करावं लागेल, आणि तोवर डिस्क वाचेलच असं नाही.

आणि आता प्रत्येक डिस्कच्या पाकिटावर बॉलपेननं एक ओळ लिहिते, पाकिटावरच, डिस्कवर नाही. बहिणीच्या हळदीच्या डिस्कवर अशी आहे: ४:३, क्रम उलटा, बॉब ५०, लाइट, खालून १०, आरएफ २०. पुढच्या महिन्यात तिच्या सासरचे त्याच डिस्क मागणार आहेत.